पाच पेरं

समोरचा माणूस बोलून थांबला की आमची मीनल अंगठ्याने बोटांची पाच पेरं मोजते आणि मगच तोंड उघडते. विद्यापीठात तिचं एम.ए.चं शेवटचं वर्ष आहे. सोबत संध्याकाळी मानसिक आरोग्य कार्यकर्त्यांसाठीचा एक कोर्स करते. ही सवय तिथली.

परवा मी तिचा दिवस कागदावर मांडला. वर्ग, कोर्स, अभ्यास, बस, जेवण, झोप. बेरीज साडेपंचवीस तास आली. कागद पुढे सरकवून म्हणालो, "दोन्हीतलं एक सोड. दिवस चोवीस तासांचाच असतो."

तिचा अंगठा पेरांवरून सरकत राहिला. एवढी शांतता मला सोसत नाही. शेवटी मीच म्हणालो, "मागच्या परीक्षेत तू आजारी पडलीस ना, ती धास्ती अजून गेली नाही माझी."

"आत्ता खरं बोललात, बाबा," ती म्हणाली. मग कागदावर बोट ठेवून हसली. "आणि हा दीड तास दोनदा धरलाय. बसमध्येच तर वाचते मी."

पुन्हा बेरीज केली. बरोबर चोवीस आली. मोकळं मिनिटही उरत नव्हतं, पण झोपेचे सात तास शाबूत होते. दोन्ही चालू ठेवायचं ठरलं.

काल जेवताना बायकोने विचारलं, "आमटी कशी झालीय?" मी मुकाट्याने पेरं मोजू लागलो. तिसऱ्या पेरालाच ती म्हणाली, "मीठ दोनदा पडलंय, माहितीये मला."