पलंगावरून चालवलेली टीम

चौथ्या महिन्यात गर्भपिशवीच्या तोंडाला टाका घालून मला घरी आणलं, त्या दुपारी नवऱ्याने पलंगाच्या पायथ्याकडचे दोन्ही पाय विटांवर चढवले. डोकं खाली, पाय वर. डॉक्टरीणबाईंनी सांगितलं होतं, उठायचं ते फक्त संडास-बाथरूमपुरतं. जेवण कुशीवर झोपूनच. खोकला आला तरी जपून.

याआधी दोन गेली होती. पहिलं तिसऱ्या महिन्यात, दुसरं पाचव्यात. भंडाऱ्याच्या एका शाळेत मी विज्ञान शिकवायची. दुसऱ्या वेळी फळ्यावर डोळ्याची आकृती काढत होते आणि अचानक पाय ओले झाले. वर्गातल्या मुलींना काही कळू नये म्हणून मी आधी आकृती पूर्ण केली होती. त्या गोष्टीची मला अजून लाज वाटते. आकृती कायला पूर्ण केली, हे मी स्वतःला कितीदा विचारलं असेल.

जवाहरनगरच्या क्वार्टरमध्ये आम्ही दोघंच. नवरा सकाळी फॅक्टरीच्या बसने जायचा, संध्याकाळी यायचा. मधले तास मी छताच्या पंख्याकडे बघत काढायची. पोटात जरा काही हललं की श्वास धरायची, काही हललं नाही तरी धरायची. मोबाइलवर काही बघितलं की हिंडूनफिरून त्याच गोष्टी समोर यायच्या. कोणाचं कितव्या आठवड्यात काय झालं. शेवटी नवऱ्याने मोबाइल काढून घेतला आणि त्याचा लॅपटॉप एका लाकडी पाटावर ठेवून माझ्या कुशीला लावून दिला. त्याला फुटबॉलचा गेम खेळायचा नाद होता. त्यात माझ्यासाठी त्याने नवीन करिअर सुरू केलं. खालच्या डिव्हिजनची एक टीम, आणि तिची मॅनेजर मी.

मी म्हटलं, मला ऑफसाइडसुद्धा कळत नाही.

"तुले पळायचं नाई, गोल मारायचा नाई," तो म्हणाला. "फक्त टीम लावायची. कोण खेळल, कोण बसल, कोणाले घ्यायचं, कोणाले सोडायचं. मॅच आपोआप होते."

पहिले दोन दिवस मी नुसती यादी वाचली. पंचवीस-सव्वीस जण. प्रत्येकाचं वय, कोणत्या पायाने खेळतो, दम किती उरला आहे त्याची हिरवी पट्टी. पट्टी पिवळी झाली म्हणजे थकला, लाल झाली म्हणजे दुखापतीची भीती. ती पट्टी मला फार पटकन कळली. कोणाचीही पिवळी दिसली की मी त्याला बाकावर बसवायची. नवरा सांगायचा, एवढं चालते, खेळाडूला खेळवावं लागते. मी ऐकायची नाही.

मग मी फॉर्मेशन शिकले. त्याची आवडती मांडणी चार-तीन-तीन, म्हणजे पुढे तिघं हल्ला करायला. मी पाच जण मागे लावले, त्यांच्यापुढे चौघं, आणि अगदी पुढे एकटा. आमच्या मॅचेस शून्य-शून्य सुटायच्या. मला त्यात काही वावगं वाटत नव्हतं. आपल्याकडे काही आलं नाही, आपल्यातलं काही गेलं नाही, दिवस पार पडला. क्लबच्या मालकांचा निरोप यायचा की प्रेक्षक नाराज आहेत, गोल होत नाहीत. नवरा तो निरोप मोठ्याने वाचायचा आणि हसायचा.

"ही टीम नाई, भिंत आहे," म्हणायचा.

गेममध्ये एक बटण होतं, दाबलं की दुसरा दिवस उजाडायचा. ते दाबत दाबत मी आठवड्याचा आठवडा पुढे जायची. मग मान वळवून भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघायची. तिथे तीच तारीख असायची. पोटात सोळावा आठवडा, सतरावा. पाचवा महिना जवळ आला तशी मी झोपेत दात आवळू लागले. सकाळी उठल्यावर जबडा दुखायचा.

त्याच सुमारास सासूबाई आल्या. आंबागडकडच्या गावी आमचं धानाचं शेत आहे, आणि रोवणी संपल्याशिवाय त्यांना निघता येत नव्हतं. त्या येणार म्हणून मला आणखी एक धाकधूक लागली. दोन वेळा त्यांनी मला काही म्हटलं नव्हतं. कोणाकडे काही बोलल्याचंही कानावर आलं नव्हतं. पण सून दिवसभर झोपून कॉम्प्युटर खेळते, हे बघून त्या काय म्हणतील? त्या स्वयंपाकघरातून बाहेर आल्या की मी लॅपटॉप मिटून ठेवायची.

चार-पाच दिवसांनी त्या खुर्ची ओढून पलंगाजवळ बसल्या. म्हणाल्या, उघड ते. मी काई खाऊन नाई टाकत.

मी भीत भीत दाखवलं. हिरवं मैदान, त्यावर अकरा ठिपके. त्यांनी चष्मा पुसला आणि एकेकाची चौकशी सुरू केली. हा कोण, तो कोण, हा काहून बसला हाये. मी सांगितलं, याच्या गुडघ्याला लागलं आहे, सहा आठवडे आराम. त्यावर त्यांनी मान हलवली. परदेशी नावं काही त्यांच्या जिभेवर बसेनात, म्हणून त्यांनी आपली नावं ठेवली. एक लाल केसांचा होता, एक टक्कलवाला. अठरा वर्षांचा एक नवीन पोरगा होता, डाव्या पायाने खेळणारा, त्याला त्या डेबऱ्या म्हणायच्या. आमच्याकडे डावखुऱ्याला डेबऱ्याच म्हणतात.

डेबऱ्याला मी बाकावरच ठेवायची. कच्चा आहे, घाबरेल, असं मला वाटायचं. सासूबाईंनी त्याच्या नावापुढचे आकडे माझ्याकडून वाचून घेतले. पळायचा वेग सगळ्यांत जास्त होता.

"रोवणीच्या रांगेत चपळ हात धुऱ्याकडे लावा लागते," त्या म्हणाल्या. "कच्च्या बाया मधात. मंग रांग वाकडी नाई होत. याले कडेले लाव."

धुरा म्हणजे शेताचा बांध. मी त्याला डावीकडे कडेला लावलं. त्या महिन्यात आम्ही तीन मॅचेस जिंकलो. दुपारचं जेवण झालं की त्या हात पुसत यायच्या, "लाव बरं," म्हणायच्या. मॅच चालू असताना त्या माझ्या पायांवरून हलका हात फिरवत राहायच्या. तो तासभर माझा जबडा सैल असायचा. पाचवा महिना सरला. सहावा लागला. आनंद दाखवायचीही भीती होती.

दिवाळीच्या आसपास गेममध्ये जानेवारी आला. जानेवारीत तिथे खेळाडूंची खरेदी-विक्री खुली होते. वरच्या डिव्हिजनच्या एका मोठ्या क्लबने डेबऱ्यासाठी बोली लावली. मी नाही म्हटलं. त्यांनी बोली वाढवली. मी पुन्हा नाही म्हटलं. मग डेबऱ्याचाच निरोप आला की त्याला मोठ्या क्लबात जायचं आहे, आणि आम्ही अडवतो म्हणून तो नाराज आहे.

त्या दिवशी नवऱ्याला सुटी होती. त्याचं म्हणणं, विकून टाक. नाराज पोरगा नीट खेळत नाही, आणि करार संपला की तसाच निघून जाईल, आपल्या हाती काही लागणार नाही. "काहून इतकी भिते? गेम आहे," तो म्हणाला, आणि मग बाजारात गेला. मी बराच वेळ त्या निरोपाकडे बघत होते. गेममध्येसुद्धा मला काही सोडता येत नाही, याचं मला हसू यायला हवं होतं, पण राग आला. मी होकाराचं बटण दाबलं. यादीतून त्याचं नाव गेलं आणि खालची नावं एक ओळ वर सरकली.

जेवण झाल्यावर सासूबाई आल्या आणि मैदानावर शोधू लागल्या.

"डेबऱ्या कोठी गेला?"

मी सांगितलं, विकला. त्या उठल्या आणि माझं ताट घेऊन आत गेल्या.

दुपारी चारच्या सुमारास मी बाथरूमला गेले आणि रक्त दिसलं.

मी भिंतीला धरून तशीच उभी राहिले. माझ्या मनात पहिला विचार आला तो बाळाचा नव्हता. मनात आलं, तू त्याला विकलंस ना, म्हणून. मी दहा वर्षं मुलांना शिकवत आले आहे की कारण आणि परिणाम म्हणजे काय. ग्रहणात जेवायला घाबरणाऱ्या मुलींना मी वर्गात समजावलं आहे. आणि त्या क्षणी मला पक्कं ठाऊक होतं की हे माझ्या त्या एका बटणाने झालं.

तोवर नवरा बाजारातून परतला होता; शेजारच्यांच्या गाडीतून मला भंडाऱ्याला नेलं. मागच्या सीटवर मी आडवी, डोकं सासूबाईंच्या मांडीवर. रस्त्यातल्या प्रत्येक गतिरोधकाला नवरा गाडी थांबवल्यासारखी हळू करायला सांगत होता, आणि गाडी चालवणारे शेजारी दर वेळी हो म्हणत होते. डॉक्टरीणबाईंनी तपासलं. टाका शाबूत होता. ठोके होते, त्यांनी मशीनचा आवाज मोठा करून मला ऐकवले. पण आता घरी जायचं नाही, म्हणाल्या. अठ्ठावीस आठवडे झालेत, जितके दिवस आत राहील तितकं चांगलं.

वॉर्डात मला खिडकीजवळचा पलंग मिळाला. नवरा घरून कपडे आणायला गेला. लॅपटॉप आणू का, असं त्याने विचारलं तेव्हा मी इतक्या जोरात नाही म्हटलं की शेजारच्या पलंगावरची बाई वळून बघू लागली.

दुसऱ्या दिवशी सकाळी सासूबाई माझे केस विंचरत होत्या. मागून विंचरत होत्या म्हणूनच बहुधा मला बोलता आलं. मी सांगितलं की डेबऱ्याला सोडलं म्हणून हे झालं असं मला वाटतं. मला कळतं की हे खुळं आहे. तरी वाटतं.

त्यांचा हात थांबला. मग त्यांनी सांगितलं, थोडं थोडं करून, मधे मधे फणी फिरवत. माझ्या नवऱ्याच्या आधी त्यांना एक झालं होतं. पूर्ण दिवसांचं, पण रडलंच नाही. त्याच्या आदल्या दिवशी त्या गावच्या बोडीवर, म्हणजे शेताच्या तलावावर, कपडे धुवायला गेल्या होत्या. घरच्यांनी जाऊ नको म्हटलं होतं, तरी गेल्या होत्या. एवढंच. ही गोष्ट माझ्या नवऱ्यालाही ठाऊक नव्हती.

"डॉक्टर म्हणे, तसं काई नसते," त्या म्हणाल्या. "मले अजूनई वाटते का माह्यानंच झालं. पस्तीस वर्सं झाली, जात नाई ते. तू नोको धरू मनात. एकदा धरलं का सुटत नाई."

मी मागे वळायला गेले तर त्यांनी खांदा दाबून मला तसंच झोपवलं. वेणी घातली. मला त्याने बरं वाटलं असं मी म्हणू शकत नाही. भीती होती तेवढीच राहिली. पण आता ती माझ्या एकटीकडे नव्हती, आणि त्या रात्रीपासून मला थोडी झोप येऊ लागली.

पाच आठवडे मी त्या खिडकीजवळ काढले. तेहतिसाव्या आठवड्यात एका सकाळी कळा सुरू झाल्या आणि टाका काढावा लागला. मुलगी झाली. रडली, पण इतकं बारीक की मी नर्सला तीनदा विचारलं, ती रडली ना? तिला लगेच काचेच्या पेटीत नेलं. पुढचे तेवीस दिवस मी दर दोन तासांनी दूध काढून द्यायची आणि काचेच्या बाहेर उभी राहायची. तिची छाती वर-खाली होताना मोजायची. मधेच एखादा श्वास लांबायचा. मशीन वाजायचं, नर्स येऊन तिच्या तळव्याला टिचकी मारायची, आणि छाती पुन्हा हलू लागायची. नर्सच्या दृष्टीने ते रोजचंच होतं. मी मात्र पुन्हा एकपासून मोजायला लागायची.

नाताळच्या आधी आम्ही तिला घरी आणलं. नवऱ्याने विटा केव्हाच काढून टाकल्या होत्या. पुढे एकदा, ती अडीच-तीन महिन्यांची असताना, त्याने लॅपटॉप उघडून विचारलं, तुझी टीम तिथेच आहे, पुढे नेतेस का? मी म्हटलं, राहू दे. कोणी बटण दाबलं नाही तर त्या गेममध्ये दिवस उजाडत नाही. माझी टीम अजून त्याच जानेवारीत आहे. ती पुसून टाकायचं मला धाडस होत नाही, आणि उघडायचंही.

फेब्रुवारीत सासूबाई गावी परतल्या. धानाची कापणी त्यांच्याविना झाली होती, पण आता शेतात लाखोरीच्या डाळीचं पीक काढायला आलं होतं आणि सासरेबुवा एकटे पडले होते. त्या गेल्याच्या दुसऱ्या दिवशी नवरा बसने कामावर गेला आणि मी पहिल्यांदा पोरीसोबत एकटी राहिले.

दहा वाजेपर्यंत मी तिच्याजवळून हलले नाही. चहा केला नाही. पण आंघोळ करायला हवी होती. शेवटी बाथरूमच्या उंबऱ्याबाहेर जाड गोधडी घातली, तिला त्यावर ठेवलं, दार सताड उघडं ठेवलं, आणि तिच्याकडे तोंड करून अंगावर पाणी घेऊ लागले. डोळ्यांत साबण जाऊ नये म्हणून चेहरा धुतलाच नाही. तिसऱ्या तांब्याला तिने शिंक दिली. मी तांब्या टाकला आणि तशीच धावले. गुडघे फरशीवर आपटले. तिच्या नाकापुढे ओलं बोट धरलं. बोटाला वाफ लागत होती. केसांतलं पाणी तिच्या गालावर पडलं तेव्हा तिने डोळे उघडले, माझ्याकडे बघितलं, आणि जांभई दिली.

संध्याकाळी नवऱ्याने विचारलं, गोधडी कायने ओली झाली? मी म्हटलं, पाणी सांडलं.