ब्रॅनमचा रस्ता कोरडा आहे

ऑर्फा डालबीचं टेलिफोन ऑफिस माझ्या सलूनच्या बरोबर वर होतं, त्यामुळे ती बसलीय की उभी आहे हे मला खालून कळायचं. बहुतेक वेळा ती उभीच असायची. कानाच्या फोनला तिने लांबलचक वायर जोडून घेतली होती आणि तेवढ्या टप्प्यात दिवसभर येरझाऱ्या घालायची. खिडकीपर्यंत सात पावलं, परत तारा जोडायच्या बोर्डापर्यंत सात. माझ्यापुढे मान वाकवून बसलेलं गिऱ्हाईक विचारायचं, "मर्विन, आज सेंट्रलला काय झालंय?"

मी म्हणायचो, "काही नाही. तिचं रोजचंच आहे ते."

आमच्या कोल्टर गावात आणि आसपासच्या शेतांवर मिळून दोनशे अकरा फोन होते. कंपनी शेतकऱ्यांनीच वर्गणी काढून उभी केलेली. खांब त्यांनी पुरले, तारा त्यांनी ओढल्या. एकेका तारेवर आठ-दहा घरं, आणि कुणालाही कुणाशी बोलायचं असेल तर आधी ऑर्फाला सांगायचं, मग ती जोडून देणार. म्हणून लोक तिला नावाने कमी आणि 'सेंट्रल' म्हणून जास्त हाक मारत. तिचे वडील कंपनीच्या तारा दुरुस्त करायचे. ते खांबावरून पडून गेले तेव्हा ती एकोणीस वर्षांची होती. कंपनीच्या पंचांनी तिला ही नोकरी आणि ऑफिसमागची खोली दिली. मी सांगतोय त्या काळात ती अडतीसची होती आणि त्या एकोणीस वर्षांत गावाबाहेर जेमतेम चारदा गेली असेल.

रोज दुपारी बाराला ती सगळ्या तारांवर एकदम एक लांब घंटा वाजवायची. नेब्रास्कातल्या आमच्या त्या कोपऱ्यात जेवायला बसलेली माणसं काटे खाली ठेवून फोनकडे धावायची. आधी घड्याळाची वेळ, मग हवामान, मग अंडी, साय, डुकरं आणि मका यांचे भाव, मग ओमाहाच्या पेपरातल्या दोन-तीन बातम्या, कुणाकडे मयत झालं, कुणाची गाय सुटली, आणि शेवटी आमच्या थिएटरात शनिवारी कुठला चित्रपट लागणार ते. सगळं मिळून चार मिनिटं.

एकोणीसशे तीस सालच्या उन्हाळ्यापर्यंत लोक ते ऐकून परत जेवायला बसत. त्यानंतर मात्र रोजचा भाव कालच्यापेक्षा कमीच असायचा. वीस सेंट डझनाची अंडी सोळावर आली, मग बारावर. पुढच्या गावातली बँक बंद पडली, त्याच्या पुढच्या गावातली पडली. थिएटरवाल्याने बोलपटाचं तिकीट पस्तीसवरून वीसवर आणलं तरी अर्ध्या खुर्च्या रिकाम्या. मी पन्नास सेंटांची कटिंग पस्तीसला केली, नंतर पंचवीसला, आणि तरी माणसं बायकोकडून घरीच केस कापून घेऊन यायची. मागून बघितलं की लगेच कळायचं.

एकदा दुपारी ऑर्फा जिन्यात भेटली. तिच्या हातात अर्धवट उसवलेला स्वेटर होता. ती विणायची, उसवायची, पुन्हा विणायची.

"मर्विन, लोक आता भाव ऐकून फोन ठेवत नाहीत," ती म्हणाली. "मी बोलायची थांबते, तरी तारेवर तसेच असतात. मला त्यांचे श्वास ऐकू येतात."

"मग?"

"मग काय. मी तरी काय सांगणार त्यांना?"

त्या आठवड्यापासून तिने दर शनिवारी संध्याकाळी आपला रेडिओ फोनच्या तोंडाशी धरायला सुरुवात केली. ज्यांच्याकडे रेडिओ नव्हता, किंवा होता पण बॅटरीला पैसे नव्हते, त्यांना तासभर शिकागोचा बँड ऐकू यायचा. ओक क्रीकच्या बाजूला मिसेस कोचेक नावाची बाई होती, सात मुलांची आई. ती सांगायची, "आम्ही फोनचा रिसीव्हर पिठाच्या रिकाम्या डब्यात ठेवतो, म्हणजे आवाज घुमतो. धाकट्या दोघी नाचतात." एरवी ती बाई फारसं बोलायची नाही.

आता खरी गोष्ट एकतीसच्या एप्रिलमधली.

ब्रॅनम हे गाव आमच्यापासून अठरा मैलांवर. तिथल्या टेलिफोनवर हेस्टर नावाची बाई होती. तिची आणि ऑर्फाची कधी गाठ पडली नव्हती, पण दहा वर्षं दोघी रोज तारेवर बोलत. एका सकाळी बोलता बोलता हेस्टर म्हणाली की आज त्यांच्याकडे अंडी तेरा सेंट. ऑर्फाच्या समोर कागद होता, त्यावर नऊ लिहिलेलं. तिला वाटलं काहीतरी चुकलं असेल. तिने आठवडाभर रोज विचारलं. तीन सेंट, चार सेंट, एकदा पाच सेंटांचा फरक. एरवी कधी एखाद्या सेंटाहून जास्त फरक नसायचा.

आमच्या गावात अंडी आणि साय घेणारा एकच होता, मर्ल हॅसेट. भाव रोज सकाळी तोच तिला कळवायचा. तिने त्याला वर बोलावून घेतलं. माझं दुकान रिकामं होतं, जिन्याचं दार उघडं होतं, म्हणून मला सगळं ऐकू आलं.

"मिस्टर हॅसेट, ब्रॅनमला तेरा आहेत."

"असतील. त्यांना रेल्वे दारात आहे. माझा खर्च वेगळा."

"मागच्या वर्षीही रेल्वे तिथेच होती. तेव्हा फरक एका सेंटाचा होता."

"मिस डालबी, तुमचं काम वाचून दाखवायचं. बाजार चालवायचं नाही."

तो खाली उतरून गेला. पावलं सुरू झाली. सात आणि सात. बाराला घंटा वाजली. माझ्या दुकानातल्या फोनवर मी ऐकत होतो. वेळ झाली, हवामान झालं, मग तिने आवाज जराही न बदलता सांगितलं, "अंडी, कोल्टर नऊ सेंट. अंडी, ब्रॅनम तेरा सेंट."

आमच्याकडे अंड्यांचे पैसे म्हणजे घरातल्या बाईचे पैसे. साखर, कॉफी, मुलांचे बूट, शिवणाचं कापड, सगळं त्यातून. शनिवारी बाई टोपल्या घेऊन यायची, अंडी द्यायची आणि त्याच रस्त्यावर खरेदी करायची. नवरा तेवढ्यात माझ्याकडे दाढी करून घ्यायचा. त्या शनिवारी आमच्या मुख्य रस्त्यावर अकरा गाड्या होत्या. एरवी साठ-सत्तर असत. बाकीच्या सगळ्या ब्रॅनमला गेल्या होत्या, आणि तिकडेच साखर घेऊन, तिकडेच दाढी करून आल्या.

मी दिवसभरात तीन दाढ्या केल्या. किराणावाला दारात येऊन उभा राही, आत जाई, पुन्हा बाहेर येई. सगळ्या रस्त्याचं तेच चाललं होतं. कुणालाच आत बसवत नव्हतं. घरी लीटा, माझी बायको, म्हणाली, "ती बरोबर आहे हे मला कळतं रे. पण आपण खायचं काय?"

पंचांची बैठक दुसऱ्या रविवारी चर्च सुटल्यावर माझ्याच दुकानात भरली. आम्ही पाच जण. तीन शेतकरी आणि गावातल्या दुकानदारांपैकी दोन, किराणावाला आणि मी. अध्यक्ष अॅन्सन रीड, सत्तरीचा म्हातारा, पहिला खांब ज्याने पुरला तो. हॅसेट पंच नव्हता, पण शेतकऱ्यांतला एक त्याचा मेहुणा होता, तेव्हा तो तिथे असल्यासारखाच होता. प्रश्न एवढाच की ऑर्फाने गावाबाहेरचे भाव सांगावेत की नाही.

रीड म्हणाला, "अरे, या तारा आपण ओढल्या कशाला? हेच ऐकायला ना?"

मेहुणा म्हणाला, "गाव मोडलं तर तारा कुणाला लागणार?"

हात वर करायची वेळ आली. रीड आणि आणखी एक शेतकरी तिच्या बाजूने. मेहुणा आणि किराणावाला विरुद्ध. सगळे माझ्याकडे बघायला लागले. वर पावलं चालू होती, ती मात्र त्याच क्षणी थांबली, की मलाच तसं वाटलं, कोण जाणे. मी विरुद्ध हात वर केला.

निरोप द्यायला रीडच वर गेला. खाली येऊन टोपी घालत तो एवढंच म्हणाला, "ठीक आहे म्हणाली." माझ्याकडे त्याने बघितलं नाही.

सोमवारी बाराला घंटा वाजली. मी वस्तरा खाली ठेवून फोन कानाला लावला. "अंडी, कोल्टर नऊ सेंट," ती म्हणाली. मग साय, डुकरं, मका. वाटलं, संपलं. तेवढ्यात तिने जोडलं, "ब्रॅनमचा रस्ता कोरडा आहे."

दोन दिवस कुणाच्या लक्षात आलं नाही. तिसऱ्या दिवशी बहुतेक सगळ्यांच्या आलं. ज्या दिवशी ब्रॅनमचा भाव वर असेल त्या दिवशी रस्ता कोरडा. फार वर असेल तर 'अगदी कोरडा, धूळ उडतेय.' कोणतंही हवामान सांगायला पंचांनी मनाई केली नव्हती.

हॅसेट दाढीला आला. साबण लावलेल्या तोंडाने म्हणाला, "मर्विन, ही बाई थट्टा करतेय आपली."

"तोंड हलवू नका."

"तुम्ही पंच लोक काही करणार आहात की नाही?"

"काय करणार? रस्ता कोरडाच आहे. मी स्वतः बघितला."

त्याने कुरकुरत डोळे मिटले. मला त्याची गंमत वाटायला हवी होती, पण वाटली नाही. त्याच्या हनुवटीला जरासं लागलं.

जुलैपर्यंत हे चाललं. शनिवार रिकामेच जात होते आणि हॅसेटकडे ताज्यापेक्षा शिळीच अंडी जास्त येत होती. शेवटी एका सकाळी त्याने ब्रॅनमएवढाच भाव कळवला. पाच आठवडे पावसाचा थेंब नव्हता, मक्याची पानं सुरळ्या होऊन वाळली होती, आणि ऑर्फा बाराला म्हणाली, "ब्रॅनमच्या रस्त्यात चिखल आहे." मिसेस कोचेक सांगत होती की तिच्या तारेवरच्या नऊही घरांमध्ये लोक एकदम हसले, आणि एकमेकांचं हसणं ऐकून आणखी हसले. त्या शनिवारी आमच्या रस्त्यावर अठ्ठेचाळीस गाड्या मी स्वतः मोजल्या.

मला वाटलं, सुटलो आता. पण तो शरद ऋतू फार वाईट गेला. मक्याला इतका कमी भाव आला की कोळसा घेण्यापेक्षा लोक कणसंच जाळायला लागले. फोनचं महिन्याचं भाडं सव्वा डॉलर. कापायला सोपा तेवढाच खर्च होता. दर आठवड्याला कुणीतरी फोन भिंतीवरून काढून, वायर गुंडाळून ऑर्फाच्या टेबलावर आणून ठेवायचं. दोनशे अकराचे ख्रिसमसला एकशे चाळीस झाले. मिसेस कोचेकने आपला फोन शालीत गुंडाळून आणला. "मुली विचारतात, शनिवारचं गाणं कुठे गेलं म्हणून," ती म्हणाली. ऑर्फा म्हणाली, "त्यांना शनिवारी इकडेच घेऊन ये." पण साडेसहा मैल कोण येणार? ती एकदाच आली.

ऑर्फाचा पगार पंचांनी दोनदा कमी केला. दोन्ही वेळा ती ठीक आहे म्हणाली. वरची पावलं आता संध्याकाळीही थांबत नव्हती. लीटा म्हणायची, वर काहीतरी घेऊन जा, तिच्याशी बोल. मी तिने केलेला केक घेऊन जायचो आणि बोलायचं तेवढं राहून जायचं.

बत्तीसच्या मे महिन्यात चौऱ्याण्णव फोन उरले. तेवढ्यावर ऑफिस चालेना, म्हणून ब्रॅनमच्या कंपनीने आमच्या तारा आपल्याकडे घेतल्या. ऑर्फाला तिथे हेस्टरच्या जोडीला रात्रीपाळी मिळाली. जायच्या आदल्या दिवशी ती खाली आली आणि खुर्चीत बसली. तेव्हा बायका आखूड केसांसाठी न्हाव्याकडेच यायच्या. लीटा वर बोर्डावर बसली होती, तिला थोडंफार जमायचं.

"आखूड कर," ऑर्फा म्हणाली. "हेस्टरला पहिल्यांदा भेटायचंय."

"मान हलवू नकोस मग."

उजवी बाजू झाली आणि लीटाने वरून हाक मारली. ओक क्रीकच्या एका शेतावर बाई अडली होती, डॉक्टर गावात नव्हता, कुठे लावायचं हे तिला कळेना. ऑर्फा अंगावरच्या कापडासकट जिना चढली. मीही कात्री घेऊन मागे गेलो. का ते सांगता येणार नाही. अर्धे केस कापलेल्या बाईला तसं सोडवेना.

तिने तीन घरं जोडली, डॉक्टर कुठल्या शेतावर गेलाय ते शोधून काढलं, त्याला निरोप पोचवला. मग कुणीतरी परत फोन करील म्हणून ती बोर्डासमोर बसून राहिली. लीटा स्वयंपाकाला गेली. मी ऑर्फाच्या मागे उभा राहून डावी बाजू कापायला लागलो.

"ऑर्फा, त्या बैठकीत..." मी सुरुवात केली.

"मला माहितीये."

"रीडने सांगितलं?"

"रीडने नाही. आदल्या शनिवारी हॅसेटने तुला फोन केला होता ना, दुकानाचं भाडं सांभाळून घेतो म्हणून? तो जोडून कुणी दिला?"

माझा हात थांबला. ही इमारत हॅसेटच्या मालकीची होती, हे मी तुम्हाला आधी सांगितलं नाही. त्या फोनबद्दल लीटालाही माहीत नव्हतं.

"वर्षभर तू काही बोलली नाहीस," मी म्हणालो.

"ऐकलेलं बोलायचं नाही, हा इथला पहिला नियम आहे, मर्विन. भाव वेगळे. ते सगळ्यांचे असतात." मग म्हणाली, "रागावले होते मी. फार. तू खाली शीळ घालायचास तेव्हा वाटायचं, खुर्ची आपटावी जमिनीवर."

"आपटायचीस."

"एकदा आपटली होती. तुला वाटलं उंदीर."

बोर्डावर, फोन आला की पडतं तसं, एक झाकण खाली पडलं. तिने जोडणीची दोरी त्याखाली खोचली, ऐकलं, आणि वळून माझ्याकडे बघितलं. "डॉक्टर पोचला," ती म्हणाली. "मुलगी आहे." मग पुन्हा समोर वळली आणि ओक क्रीकच्या तारेवर ज्या बाया कान लावून बसल्या होत्या त्यांना एकेकीला नावाने सांगितलं. मी तिच्या मानेवरचे बारीक केस साफ केले. पंचवीस सेंट तिने टेबलाच्या कडेवर आधीच काढून ठेवले होते. मी नको म्हणालो, तिने ऐकलं नाही.