मार्चपर्यंत, ताई

ओंकार गेल्याची बातमी मोबाईलवर आली तेव्हा मी ती खरी मानली नाही. शिरूरला कॉलेजमध्ये पहिला तास सुटला होता, जिन्यात गर्दी होती, आणि आमच्या भावकीच्या ग्रुपवर त्याचा फोटो आला. फोटोभोवती काळी चौकट, दोन्ही बाजूंना समया, वर ‘भावपूर्ण श्रद्धांजली’. तो फोटो माझ्या ओळखीचा होता. दिवाळीनंतर त्याच्या वर्गातल्या पोरांनी हाच फोटो अशाच चौकटीत घालून सगळीकडं फिरवला होता, आणि तेव्हा ओंकार घरात बसून भाकरी खात होता. म्हणून मी जिन्यातच उभी राहून रागानं लिहिलं, ‘लाज वाटू द्या. परत तेच?’ मग आप्पांचा, म्हणजे माझ्या वडिलांचा फोन आला.

“कुठं हायस?”

“कॉलेजात.”

“घरी ये. एकटी येऊ नको, कुणाला तरी संगं घे.”

फोनवर मागं बायकांचं रडणं ऐकू येत होतं... माझा तो मेसेज अजून ग्रुपवर तसाच आहे. त्याच्या खाली जोडलेल्या हातांची रांग सुरू होते.

ओंकार माझा चुलत भाऊ, दहावीत शिकणारा. राहू गावाजवळ आमची वस्ती आहे, तिथं आमची दोन घरं शेजारी-शेजारी, मधे फक्त गोठा. काका रांजणगावला कंपनीत कामाला आहेत, शिफ्ट असेल तसे मोटारसायकलवरून जातात. काकी अर्ध्या एकरात झेंडू आणि शेवंती करते. मी आमच्या घरातली कॉलेजात गेलेली पहिली. शिरूरला मुलींबरोबर खोली घेऊन राहते आणि शनिवारी घरी येते. लिहायची मला सवय नाही. हे नीट जमेल की नाही ठाऊक नाही, पण कोणीतरी लिहायला पाहिजे असं वाटतं.

त्याला माणसांचे आवाज काढता यायचे. नुसते आवाज नाही, तो माणूसच समोर उभा करायचा. एसटीचा कंडक्टर काढायचा, “पुढं सरका, पुढं सरका, पुढं काय हीर हाय का, पडाल म्हनून!” फुलं न्यायला येणारा टेम्पोवाला हिंदी बोलायचा, त्याचा आवाज तर असा काढायचा की गोठ्यापलीकडून काकी फसायची. “भाभीजी, माल गीला है, रेट नहीं मिलेगा!” काकी हातातली पाटी ठेवून धावत यायची आणि याला बघून म्हणायची, “मेल्या, कवातरी खऱ्या व्यापाऱ्याला माघारी धाडीन तुझ्यापायी.” मी कॉलेजला निघाले की माझी बॅग उचलून स्टॉपपर्यंत यायचा आणि वाटेत आमच्या प्राचार्यांचं भाषण ठोकायचा. प्राचार्यांना त्यानं कधी पाहिलंही नव्हतं, मी सांगितलेल्या दोन गोष्टींवरून तो त्यांना उभं करायचा.

गेल्या दसऱ्याला काकी यवतच्या बाजूला हायवेकडेला हार विकायला बसली होती आणि ओंकार शेजारी हार ओवत होता. त्याचा हात काकीपेक्षाही झरझर चालायचा. सुई दिसायची नाही, नुसता हार लांबत गेलेला दिसायचा. त्याच वेळी प्रथमेश तिथून मोटारसायकलवरून गेला. प्रथमेश आमच्या भावकीतला, आडनाव आमचंच. ओंकारच्याच वर्गात, लहानपणी आमच्याच अंगणात खेळलेला. त्यानं गाडी थांबवून फोटो काढला. मांडीवर हारांचा ढीग, दातात दोरा, आणि ओंकार कॅमेऱ्याकडं बघून हसतोय... ओळखीचं कोणी फोटो काढतंय म्हणून हसतोय. पुढं जे काही झालं ते त्या फोटोतून झालं.

दसऱ्यानंतर शाळा भरली तेव्हा त्याचं नाव बदललं होतं. एसटीच्या मागच्या बाकड्यावरून हाक यायची, “आली रं आली, गजरेवाली आली!” तो बसायला गेला की कोणीतरी दप्तर ठेवायचं. “हितं न्हाई, बायकांच्या शिटावर जा. ओ मावशी, सरका जरा, पोरीला बसू द्या.” मग एकदा म्हणाले, बाईचा आवाज काढून दाखव, तुला येतो ना, दाखवला की सोडतो. त्याला वाटलं खरंच सोडतील. त्यानं काढला. तो आवाज रेकॉर्ड होऊन दुसऱ्या दिवशी वर्गभर वाजला. हे मला त्याच बसमधल्या एका मुलीनं नंतर सांगितलं. ती म्हणाली, “ताई, आम्ही पण हसलो होतो.”

आम्हाला घरी दिसायचं ते एवढंच, की त्याचे आवाज बंद झाले. सोमवारी सकाळी त्याचं पोट दुखायचं. डॉक्टरांनी पित्ताच्या गोळ्या दिल्या. तो हार ओवेनासा झाला. आणि हात धुवायचा. मोरीत बसून घासणीनं बोटं घासायचा, लाल होईपर्यंत. “हाताला वास येतो म्हंतो,” काकी मला म्हणाली. “कसला वास? मी इतकी वर्सं ओवती, मला कवा न्हाई आला.”

मग दिवाळीनंतर तो काळ्या चौकटीचा फोटो आला. दसऱ्याचाच फोटो, दातातला दोरा कापून फक्त हसरा चेहरा ठेवलेला. काकांच्या कंपनीतल्या माणसांनी तो पाहिला आणि चालू शिफ्टमध्ये काकांसमोर मोबाईल धरला. काका मशीन सोडून घरी पळत आले, तर पोरगा जेवत होता. त्या दिवशी काकांनी पहिल्यांदा शाळा गाठली. सर म्हणाले, पोरांची मस्करी असते, एवढं मनावर घ्यायचं नाही, मी समज देतो. काका पोलिसांत जायचं म्हणत होते. तेव्हा आबा आले. आबा म्हणजे प्रथमेशचे आजोबा, भावकीतले सगळ्यात मोठे. “पोलीस कशाला?” ते म्हणाले. “रगत एकच हाय. पोरांची आयुष्यं खराब करतो का? आपल्याआपल्यात मिटवू.”

आमच्याकडं भांडण मिटवायची रीत आहे. बांधाचं असो, पाण्याचं असो, मारुतीच्या देवळात बसायचं, मोठ्यांनी बोलायचं, नारळ फोडायचा, गळाभेट घ्यायची. आणि एकदा मिटलं की ते पुन्हा काढायचं नाही. काढणाराच खोटा ठरतो. मोठ्या माणसांची कितीतरी भांडणं या रीतीनं खरंच मिटलेली मी पाहिली आहेत. म्हणून कोणालाच त्यात काही चुकीचं वाटलं नाही. प्रथमेशनं ओंकारला मिठी मारली, पेढा भरवला, आबांच्या पाया पडला. काका सुटल्यासारखे दिसले. घरी येऊन म्हणाले, “आबांनी शबूद टाकला. आता काय न्हाई व्हायचं.”

त्या गळाभेटीचा कोणीतरी व्हिडिओ काढला होता. दोन दिवसांत त्याच्यावर लग्नाची सनई लागली आणि तो फिरू लागला. ओंकारच्या बाकावर झेंडूची वरमाला ठेवली गेली. शनिवारी मी घरी आले तेव्हा त्याला म्हटलं, काकांना सांगू या. तो गोठ्याच्या भिंतीला टेकून उभा होता. म्हणाला, “आता बोलता येत न्हाई ताई. मिटलंय ना ते.”

मी कॉलेजला मानसशास्त्र घेतलं आहे. आमच्या मॅडमना मी सगळं सांगितलं. त्या म्हणाल्या, झोप नाही, जेवण नाही, हात घासतोय, तर वाट बघू नका, समुपदेशकाकडं न्या, मी ओळख देते. मी हे काकांना सांगितलं. “दहावी होऊ दे,” ते म्हणाले. “आत्ता मनाच्या डॉक्टरकडं नेला आन् पोरांना कळलं, तर येडा म्हंतील. आधीच एक नाव पडलंय, त्यात आणि एक कशाला?” त्यांची काळजी खोटी नव्हती. पोरांच्या हातात आणखी एक शब्द द्यायचा नव्हता त्यांना. आणि ओंकारचंही तेच होतं. “मार्चपर्यंत, ताई,” तो म्हणायचा. “मार्चला पेपर. मंग अकरावीला मी दौंडला जातो. तिथं मला कोण वळखतंय?” पोट दुखलं की मार्च. जेवण टाकलं की मार्च. काकीनं डोक्याला तेल लावताना विचारलं, बाळा तुला होतंय तरी काय, तर तिलाही म्हणायचा, मार्चला सांगतो.

थंडीत त्यानं एसटी सोडली आणि सायकल काढली. कालव्याच्या भरावावरून जायचा. तो रस्ता लांबचा, अरुंद, एका बाजूला पाणी आणि दुसऱ्या बाजूला उतार. हंगामात त्यावरून उसाचे ट्रॅक्टर दोन-दोन ट्रॉल्या लावून जातात. घरी त्यानं सांगितलं, व्यायाम होतो. काकांना बरं वाटलं.

आमची शेवटची भेट एका सोमवारच्या सकाळची. मी शिरूरला निघाले होते, तो सायकल हातात धरून माझ्याबरोबर स्टॉपवर आला होता. धुकं इतकं होतं की समोरचं कडुलिंबाचं झाड दिसत नव्हतं. एसटीचे दिवे दिसले तसं त्यानं तोंड फिरवलं. मी म्हटलं, “चल की गाडीनं. आज मी हाय.”

“आज हायस,” तो म्हणाला. “उद्या?”

त्यानं माझी बॅग आत ठेवली आणि सायकलवर टांग टाकून कालव्याकडं वळला. खिडकीतून मी बघत राहिले. आधी तो दिसेनासा झाला, मग सायकलची घंटी थोडा वेळ ऐकू आली... तो शेवटचा दिवस नव्हता. तो त्याच आठवड्यात, अशाच धुक्यात आला.

पंचनाम्यात अपघात लिहिलं आहे. तो अपघातच होता, मलाही तसंच वाटतं. धुकं, अरुंद भराव, मागच्या ट्रॉलीचा धक्का. ट्रॅक्टरवाला स्वतः त्याला उचलून दवाखान्यात पळाला होता. मला फक्त एवढं म्हणायचं आहे की शाळेला जायला डांबरी रस्ता आहे, त्यावरून एसटी जाते, आणि त्याच्या खिशात त्या महिन्याचा पास निघाला.

दहाव्याला चौकात फ्लेक्स लागला. फोटो तोच, कारण सगळ्यांच्या मोबाईलमध्ये तोच होता. खाली ‘शोकाकुल मित्रपरिवार’ आणि त्यात पहिलं नाव प्रथमेशचं. काका त्या फ्लेक्ससमोर हात जोडून उभे राहिले. आबा येऊन बसले, म्हणाले पोरगं सोन्यासारखं होतं. शाळेचा विषय कोणी काढला नाही. मीही काढला नाही, काढला असता तर कोणाच्या दारात काढायचा तेच कळत नव्हतं.

मग मार्च आला. ओंकारचा फॉर्म आधीच भरलेला होता, त्याचा नंबरही पडला होता. आमच्याकडं पहिल्या पेपरच्या आदल्या दिवशी पोरं केंद्रावर जाऊन आपला नंबर बघून येतात. काकी सकाळीच लुगडं बदलून दारात उभी राहिली. “त्याचा नंबर बघून येऊ,” म्हणाली. आप्पांनी समजावलं, मी समजावलं. ती ऐकेना. आम्ही एसटीनं गेलो. वर्गाच्या दारात शिपाईमामांनी आम्हाला पाहिलं आणि काही न विचारता बाजूला झाले. बाकांवर नंबरांचे कागद चिकटवलेले होते. काकीला आकडे वाचता येत नाहीत, त्याच्या हॉलतिकिटावरचा नंबर धरून मी वाचत गेले. खिडकीजवळचा बाक होता. काकीनं पदरानं तो पुसला आणि त्यावर बसली.

तेवढ्यात दारात पोरांचा हसण्याचा आवाज आला आणि एकदम थांबला. बाकीची मागं सरली, प्रथमेश एकटा आत राहिला. नंबर आडनावावरून लागतात. आडनाव एक, आणि नावात ओंकारनंतर प्रथमेश. काकीनं विचारलं, “तुझा कुठला?” त्यानं बोटानं तिच्या पाठीमागचा बाक दाखवला.

काकी बसल्या जागीच मागं वळली. “मला एक सांग,” ती म्हणाली. आवाज चढलेला नव्हता, खरंच माहीत नसलेलं विचारावं तशी विचारत होती. “त्यो गाडीनं का येत न्हवता?”

“काकी, वर्ग बंद करायचाय,” शिपाईमामा हळूच म्हणाले.

“ह्याला सांगू द्या. मंग उठते.”

बाहेर घंटेजवळ पोरं कुजबुजत होती. प्रथमेशनं बाकाची कड दोन्ही हातांनी धरली होती. मला वाटलं तो पळून जाईल. मग तो इतक्या बारीक आवाजात बोलला की मला पुढं व्हावं लागलं.

“आम्ही बसू देत न्हवतो.”

काकीनं मान हलवली. रडली नाही. हे तिला आत्ताच कळत होतं, एसटीतलं दसऱ्यापासूनचं सगळं, एका वाक्यात... ती उठली, नंबराच्या कागदाचा सुटलेला कोपरा अंगठ्यानं दाबून बसवला आणि माझा हात धरून बाहेर आली. दारात तिनं शिपाईमामांना विचारलं, या जागी आता दुसऱ्या कुणाला बसवणार का. ते म्हणाले, न्हाई काकी, बसवता येत न्हाई, शेवटच्या पेपरपतूर ती जागा त्याचीच.

पेपर अजून चालू आहेत. रोज अकराला घंटा होते आणि प्रथमेश त्या रिकाम्या बाकामागं जाऊन बसतो.