रेनडिअर थांबेपर्यंतचं अंतर

मुलगी फिनलंडला असते. काल फोनवर तिने तिथला एक जुना जोडशब्द सांगितला, पोरोनकुसेमा. पोरोन म्हणजे रेनडिअरचं, कुसेमा म्हणजे मुतणं. धावताना त्या जनावराला लघवी होत नाही, म्हणून बर्फावरची गाडी मध्येच थांबवावी लागे. त्या दोन थांब्यांमधलं अंतर म्हणजे एक पोरोनकुसेमा.

आज एसटीत तो शब्द आठवून मला हसू येत होतं. ऊन फार होतं. शेजारच्या बाईंपुढे मी पाण्याची बाटली धरली.

“नको ताई,” त्या म्हणाल्या. “गाडीत बसायचं असलं की मी सकाळपासून पाणीच पीत नाही.”

घाट उतरल्यावर ड्रायव्हरने गाडी बाजूला घेतली. तो उतरला, मागोमाग बरेच पुरुष उतरले आणि शेताच्या कुंपणाकडे तोंड करून उभे राहिले. आम्ही बायका दुसऱ्या बाजूच्या खिडकीतून बाहेर बघत बसलो. गाडी निघाली.

तिकडे जनावराच्या लघवीवरून रस्ता मोजत होते.

बाटली परत पिशवीत ठेवताना पाहिलं, तिचं सील मीही फोडलेलं नव्हतं.