बसकाकांची लबाडी

बसकाका पत्त्यांत लबाडी करू लागले, ही बातमी गावभर व्हायला दोन दिवसही लागले नाहीत; कारण लबाडी टेलिफोनताईंच्या डोळ्यांदेखत झाली होती. ताईंनी एकोणतीस वर्षं टेलिफोन एक्स्चेंजमध्ये लोकांच्या लाइनी जोडून दिल्या. एक्स्चेंज बंद झालं, ताई निवृत्त झाल्या, पण इकडचं तिकडे जोडायची सवय काही सुटली नाही.

आणि बातमी होतीच तशी. बसकाका म्हणजे एकतीस वर्षं शाळेची पिवळी बस चालवणारा माणूस. रस्त्यावर चिटपाखरू नसलं तरी लाल दिव्याला थांबणार. काकू तर म्हणायच्या, "आमचे हे झोपेत कूस बदलतानाही आधी इंडिकेटर देतात." असा माणूस पत्ते दाबतो? लोकांना फारच आवडलं. सरळ माणूस वाकडा निघाला की आपल्याला किती बरं वाटतं, हे कोणी कबूल करत नाही, एवढंच.

काकांचं खेळाचं मंडळ दर गुरुवारी भरायचं, संध्याकाळी सहा ते आठ, शिंपी मास्तरांच्या दुकानावरच्या खोलीत. एका कोपऱ्यात कॅरम, कपाटावर बुद्धिबळाचा पट आणि प्याद्यांऐवजी बटणं. पण खरी मजा बदामसातची. मास्तरांच्या कापड बेतायच्या लांबलचक टेबलावर डाव मांडायचा. मधोमध सत्त्या, त्यांच्या खिडकीकडच्या बाजूला छक्की, पंजी असे उतरते पत्ते एक्क्यापर्यंत, दाराकडच्या बाजूला अठ्ठीपासून चढते राजापर्यंत. हातात लागणारं पान असेल तर ते टाकायलाच हवं. असून "पास" म्हटलं की त्याला म्हणायचं दाबणं. ज्याचा पत्ता दाबलेला सापडेल, त्याने खालच्या दुकानातली कातरणं झाडायची.

जागा अकरा वर्षं ठरलेल्या. काकांच्या समोर टेलिफोनताई, उजव्या हाताला मास्तर आणि डाव्या हाताला, खिडकीपाशी, कवळीवाले. हे दातांच्या दवाखान्यासाठी कवळ्या बनवायचे. बोलणं कमी. समोरच्याच्या बोलण्याकडे लक्ष नाही आणि जबड्याकडे मात्र पूर्ण, असा एकंदर माणूस.

गेल्या महिन्यात एका डावात काकांनी तीनदा पास म्हटलं आणि चौथ्यांदा चौकट पंजी टाकली. छक्की तर कधीची टेबलावर पडलेली! ताईंनी टाळी वाजवली. "अगं बाई! काका, पंजी उबवत होतात की काय?"

"मला वाटलं, छक्की लागली नाही अजून," काका म्हणाले.

"वाटलं म्हणे!" मास्तर हसत सुटले. "एकतीस वर्षांचा साठवलेला खोटेपणा बाहेर पडतोय. झाडू दाराच्या मागे आहे."

त्यानंतर दर गुरुवारी हेच. कधी तिर्री दाबली, कधी दुर्री. काका खाली जाऊन मुकाट्याने कातरणं झाडायचे, वर येऊन हसायचे. चौथ्या गुरुवारी तर त्यांनी स्वतःच मिशीला पीळ दिला आणि म्हणाले, "मग? आहेच मी बेरकी. पकडा की!"

गावात लबाड म्हणवून घेणं त्यांना फार सोयीचं झालं होतं. कारण लबाडी नसेल तर मग काय, हा प्रश्न कोणी विचारत नव्हतं.

चार महिन्यांपूर्वी एका रविवारी सकाळी त्यांचं डोकं एकदम जड झालं. तासभर पडून राहिले, उठले, चहा प्यायले, बरं वाटलं. फक्त दाराची चौकट डाव्या खांद्याला लागली. मग ताटातली डावीकडची वाटी तशीच राहू लागली. काकूंना वाटलं, रुसलेत. त्यांनी दोन दिवस विचारलं, तिसऱ्या दिवशी त्याही रुसल्या. पेपरात ओळींची सुरुवातच नसायची; काका संपादकाला शिव्या देत.

शेवटी ते शेजारच्या शहरात गेले, एकटेच, दुसऱ्याच्या बसमध्ये बसून. डॉक्टरीणबाईंनी एका पांढऱ्या घुमटासमोर हनुवटी टेकवायला सांगितली, हातात बटण दिलं. दिव्याचा ठिपका दिसला की दाबा. काका मनात म्हणाले, एवढं मोठं मशीन आणि दिवे किती थोडे! मग बाईंनी कागद पुढे ठेवला. दोन गोल, दोन्हींची उजवी बाजू पांढरी, डावी काळीकुट्ट.

"डोळे चांगले आहेत," बाई म्हणाल्या. "मेंदूत एक छोटीशी गुठळी अडकून गेली. दोन्ही डोळ्यांना डावीकडचं दिसत नाही. काम काय करता?"

"दुकान आहे," काका म्हणाले. आयुष्यातली पहिली थाप.

"बरं. गाडी चालवायची नाही. उद्यापासून नाही, आजपासून."

तो कागद घडी घालून त्यांनी बसच्या हत्यारपेटीत, जॅकखाली ठेवून दिला. घरी म्हणाले, नंबर वाढलाय चष्म्याचा.

स्वतःशी त्यांनी हिशेब असा मांडला की मान वळवली की दिसतं, मग मान वळवत राहायची. पहिले तीन महिने पत्त्यांत ते निभावलंही. पण गोम अशी, की डावीकडे काळोख दिसला असता तर माणसाला मान वळवायची आठवण राहिली असती. तिथे काळोखही नव्हता. तिथे काहीच नव्हतं, आणि काही नाही असंही वाटत नव्हतं. माणसं नुसती उगवायची. रिकाम्या रस्त्यात एकदम सायकल, रिकाम्या जिन्यावर एकदम काकू. गेले चार महिने मंडळात त्यांच्या डाव्या हाताला कवळीवाले नव्हे, नुसता एक आवाज बसायचा.

बस चालत होती ती बसबाईच्या जिवावर, आणि बसबाईला याचा पत्ता नव्हता. बसबाई म्हणजे मुलांना चढवणारी-उतरवणारी, दांडगी, हसरी. बसचं दार डावीकडे. प्रत्येक थांब्याला ती उतरायची, पोरं मोजायची, पत्र्यावर दोन थापा मारायची, "चला काका, मोकळं आहे." काका त्या दोन थापांवर बस हलवायचे.

पाचव्या गुरुवारी दुपारी, पाण्याच्या टाकीच्या थांब्यावर, काकांना थापा ऐकू आल्या. म्हणजे तसं वाटलं. पोरांनी आत बाक बडवला असेल. त्यांनी डावीकडे पाहिलं, असंही त्यांना वाटलं. ब्रेक सोडला.

"थांबा! काका, थांबा!"

बस हातभर पुढे जाऊन थांबली. डाव्या पुढच्या चाकापाशी एक पोरगी ओणवी होऊन सांडलेले रंगखडू गोळा करत होती. तिने वर पाहिलं, हिरवा खडू दाखवला आणि हसली. तिला काही कळलंच नव्हतं. बसबाईही छातीवर हात ठेवून हसली. "काय हो काका! माझ्याशिवाय पान हलत नाही तुमचं. उद्यापासून मी आठ दिवस बहिणीकडे, बाळंतपणाला. बदली कोणी मिळाली नाही. तुम्हीच राजे आता."

संध्याकाळी सहालाही काकांच्या डोळ्यांपुढून तो हिरवा खडू हलत नव्हता. सकाळी सव्वासातला पहिला थांबा. बेचाळीस मुलं. घरी पडून राहावंसं वाटत होतं, पण गुरुवार चुकवला तर ताई चौकशीला घरी येतील, या धाकाने ते जिना चढले. चढताना डावा हात भिंतीवरून फिरवत.

"या, या, बेरकी या!" मास्तरांनी स्वागत केलं. "झाडू धुऊन ठेवलाय."

पत्ते पिसून झाले. तेवढ्यात डावीकडून कवळीवाल्यांचा आवाज आला. "आज उलटं मांडू. लहान पत्ते दाराकडे, मोठे खिडकीकडे."

"का हो? कवळी उलटी बसली का कुणाची?" ताई म्हणाल्या.

"गंमत म्हणून."

काकांना बरंच वाटलं. छक्क्या-पंज्या आता उजवीकडे लागत होत्या, स्वच्छ दिसत होत्या. त्यांनी पटापट पानं टाकली. तिर्री टाकली, दुर्री टाकली. आज झाडू कोणी दुसरंच धरणार, या आनंदात राहिले. मग हातात इस्पिकची राणी उरली. समोर अठ्ठी दिसली.

"पास," काका म्हणाले.

पुढच्या फेरीलाही पास. त्याच्याही पुढच्या.

चौथ्या फेरीला राणी त्यांच्या हातातून डोकावली आणि ताईंनी ती टिपली. "अय्या! गुलाम पडून किती वेळ झाला! आज राण्या दाबता होय? थांबा, काकूंच्याच कानावर घालते. म्हणते, बाई, तुमच्या ह्यांनी आज एका राणीला चार फेऱ्या हाताशी धरून..."

मास्तर टेबलावर हात आपटून हसत होते. काकाही हसले, मिशीकडे हात नेला. आणि ताई बोलता बोलता मध्येच थांबल्या.

ताई मध्येच थांबल्या हे या खोलीत आजवर घडलं नव्हतं. त्यांचं तोंड उघडंच होतं. त्या काकांकडे बघत नव्हत्या. काकांच्या जरा बाजूला, कानाच्या पलीकडे कुठेतरी बघत होत्या. मास्तरांचंही हसू ओठांवरच वाळलं.

"काय झालं?" काका म्हणाले. "झुरळ आहे का?"

खालून इस्त्रीच्या वाफेचा फुस्स आवाज तेवढा आला. काकांनी सावकाश मान डावीकडे वळवली.

त्यांच्या गालापासून चार बोटांवर एक पंजा होता. कवळीवाल्यांचा, पाचही बोटं पसरलेला. तो किती वेळ तिथे होता, कोण जाणे.

"मी मघापासून हलवतोय," कवळीवाले म्हणाले. "पापणीसुद्धा लवली नाही तुमची."

"दिसला होता मला," काका घाईघाईने म्हणाले. "मुद्दाम लक्ष दिलं नाही."

"गेल्या महिन्यात तुम्ही नऊ पत्ते दाबलेत. नऊच्या नऊ खिडकीकडचे. आज मांडणी फिरवली, तर लगेच मोठे दाबायला लागलात. लबाड माणूस इतका एका बाजूचा नसतो हो."

"अहो, पण मी लबाडच आहे!" काकांचा आवाज चढला. "मास्तर, सांगा ना यांना! तुम्हीच म्हणता ना, बेरकी म्हणून? ताई, अख्ख्या गावाला तुम्ही सांगितलंत, आता का गप्प? मी दाबतो पत्ते! शपथ घेऊ?"

एकतीस वर्षांचा सज्जन माणूस स्वतःची लबाडी शपथेवर पटवून देत होता आणि कोणाचाच विश्वास बसत नव्हता.

ताईंची लाइन जुळायला अशा वेळी फार वेळ लागत नाही. "मघाशी बसबाई भेटली होती स्टँडवर," त्या हळूच म्हणाल्या. हळू बोलणं त्यांना जमत नसल्याने आवाज विचित्र येत होता. "टाकीपाशी एक पोरगी चाकाखाली आली असती म्हणे. हसत सांगत होती. मीही हसले." त्यांनी हातातले पत्ते टेबलावर उपडे केले. "काका, उद्या ती नाहीये बसवर."

"मला ठाऊक आहे."

"मग सकाळी बसच्या दाराकडची पोरं कोण बघणार?"

"मी उतरून बघेन. प्रत्येक थांब्याला उतरेन. चाकं बघेन, मग चढेन."

"आणि चढून बसेपर्यंत पोरं काय पुतळ्यासारखी उभी राहणार आहेत?" मास्तर म्हणाले. त्या पोरांचे गणवेश तेच शिवत. कोण उभं राहून माप देतं आणि कोण देत नाही, हे त्यांना पक्कं माहीत होतं.

काकांनी टेबलाची कड धरली. "आठ दिवस फक्त. ती आली की पूर्वीसारखं. मास्तर, ही गोष्ट या खोलीत राहू द्या. मी कधी कोणाकडे काही मागितलं का? उतारवयात मला गाडीवरून उतरवू नका. खाली उतरलो की मी कोण? घरात बसून बायकोच्या पायात येणारा एक म्हातारा."

मास्तरांनी कवळीवाल्यांकडे पाहिलं, कवळीवाल्यांनी जमिनीकडे. दोघेही मऊ माणसं. आणखी मिनिटभर असंच गेलं असतं तर ते कबूलही झाले असते, आणि सकाळी सव्वासातला बस निघाली असती.

पण टेलिफोनताईंनी पिशवीतून फोन काढला होता.

"या खोलीत राहणार नाही," त्या म्हणाल्या. "माझ्या जिभेला हाड नाही, गावाला माहीत आहे. पण हे मी सांगणार नाही. हे तुम्ही सांगायचं. मी फक्त लाइन जोडून देते."

त्यांनी शाळेच्या मुख्याध्यापिकांचा नंबर लावला आणि टेबलाला वळसा घालून फोन काकांपुढे धरला. काका समोर बघत राहिले.

"घ्या ना," ताई म्हणाल्या.

"काय घेऊ?"

तेव्हा ताईंना कळलं की आपण कुठल्या बाजूला उभ्या आहोत. त्या काकांच्या पाठीमागून गेल्या आणि फोन उजव्या कानाशी धरला. तिकडून मुख्याध्यापिकांचा आवाज येत होता, हॅलो, हॅलो, कोण बोलतंय?

"मी बसकाका बोलतोय, बाई. उद्या माझी बस काढू नका. दुसरा माणूस बघा."

पलीकडे काहीतरी विचारलं गेलं.

"नाही, ताप नाही. बस ठीक आहे. बाई, मला..." त्यांनी डोळे मिटून घेतले. "मला अर्धी मुलं दिसत नाहीत."

फोनमधून एकच छोटा प्रश्न आला, तो सगळ्यांनाच ऐकू गेला. कधीपासून?

काकांनी मनात हिशेब मांडला. चार महिने, रोज दोन फेऱ्या, अकरा थांबे. मास्तर बोटांवर काहीतरी मोजू लागले होते आणि मध्येच त्यांनी मूठ आवळली. ताईंनी फोन घट्ट धरून ठेवला होता. काकांचा घाम त्यांच्या बोटांना लागत होता, तरी त्यांनी हात काढला नाही.

"बाई," काका शेवटी म्हणाले, "खाली बसा आधी. मग सांगतो."