डाव्या हातातली काठी

सक्करदऱ्याच्या आमच्या गल्लीत कुणाचा गुडघा कुरकुरायला लागला की माणूस डॉक्टरकडे जायच्या आधी आमच्या दारात येतो. दारात काही दवाखाना नाही. आमचे हे बसलेले असतात, मांडीवर काठी आणि हातात काचेचा तुकडा घेऊन. यांचं नाव रुपराव. सगळी नोकरी कोराडीच्या वीज केंद्रात, दुरुस्तीच्या कामात गेली. निवृत्त झाल्यावर पुरुष देवधर्माला लागतात, नाहीतर बायकोच्या स्वयंपाकात नाक खुपसतात. यांनी यातलं काहीच केलं नाही, हे त्यांचे उपकारच. यांनी काठ्या करायला घेतल्या.

माझ्या दिरांचं शेत कन्हानकडे आहे. तेंदूच्या काठ्या तिथून येतात. हिवाळ्यात तोडायच्या, टोकांना मेण लावायचं म्हणजे वाळताना तडकत नाहीत, आणि सरळ राहाव्यात म्हणून खाली वीट बांधून सावलीत टांगायच्या. आमच्या मागच्या खोलीच्या छताला अशा काठ्या आणि विटा कायम लटकलेल्या असतात. पाहुण्यांना त्या खोलीत झोपवायची सोय उरलेली नाही. चांगल्या वाळल्या की उरलासुरला वाक विस्तवावर शेकून काढायचा, साल सोलायची, काचेनं खरवडून अंग गुळगुळीत करायचं आणि मग जवसाचं तेल पाजायचं, थांबून थांबून. मूठ सागवानाची. ती मात्र ज्याची काठी त्याला समोर बसवूनच कोरतात. थोडं कोरायचं, त्याच्या हातात द्यायचं, परत घ्यायचं. मापाला येणाऱ्यानं रोजच्या चपला घालून यायचं, हा नियम, कारण टाचेवर काठीची उंची ठरते. शेजारचे मनोहरराव लग्नातले बूट घालून आले होते, त्यांना तसंच परत पाठवलं.

असा माणूस घरात असताना माझा उजवा गुडघा बिघडला. डॉक्टर म्हणाले, आत्ता ऑपरेशन नको, काठी वापरा. मी मनात म्हटलं, चला, काठीची तरी चिंता नाही.

पण दिव्याखाली अंधार असतो तो असा. माझ्यासाठी घेतलेल्या पहिल्या काठीत गाठ निघाली. दुसरी हलकी वाटली. तिसरी म्हणे अजून ओली होती. नाचता येईना अंगण वाकडं हे ऐकून होते. पण ज्याला उत्तम नाचता येतं तोच अंगणाला नावं ठेवायला लागला तर काय समजायचं? तोवर सकाळी तळ्यावर फिरताना मी यांचा दंड धरून चालायची. तळ्यावर ते ठीक होतं. मला बुधवार बाजारात माझ्या पायानं, एकटीनं जायचं होतं. भाजी घेताना शेजारी नवरा उभा असला की भाव करता येत नाही. हे लगेच "घे वं, चांगले आहेत वांगे" म्हणून मोकळे होतात.

असं वर्ष गेलं. एक दिवस समोरच्या अंजनाबाई नवी काठी टेकत पेढे घेऊन आल्या. काठीकडे पाहिलं आणि माझं डोकंच फिरलं. अंगावर तांबूस रेघ असलेली ती काठी माझ्यासाठी टांगलेली होती. मी रोज तिच्याखालून केर काढत होते! अंजनाबाईंना चहा पाजून वाटेला लावलं आणि यांच्याकडे वळले.

"ते काठी माही होती ना जी?"

"त्यायची कंबर लय दुखते वं. तुह्यासाठी दुसरी करून राहिलो ना."

"राहू द्या आता. मी विकतची मागवीन."

बोलले ते केलं. पुण्याला असलेल्या आमच्या लेकीला, अदितीला फोन केला आणि तिनं घडीची अॅल्युमिनियमची काठी पाठवून दिली. यांनी ती उलटसुलट करून पाहिली आणि परत दिली.

दुसऱ्या दिवशी सकाळी तळ्यावर गेलो. उजव्या हातात नवी काठी, डाव्या हाताने नेहमीसारखा यांचा दंड धरलेला. मी मुद्दाम काठी जोरात टेकवत होते. अर्धी फेरी झाल्यावर हे एकदम थांबले.

"उजव्या हातात नको धरू वं. डाव्या हातात धर."

"काहून?"

"गुडघा उजवा आहे ना तुहा. काठी उलट हातात पाह्यजे, तव्हाच त्या पायावरचा भार कमी होते."

येणाऱ्या प्रत्येकाला हे ते सांगत असत आणि मी आत चहा टाकताना ऐकत असे. माझ्यावर वेळ आली तेव्हा मात्र मीच चुकले.

"अन् डाव्या हातात काठी धरली तं तुमाले कुठी धरू?" मी विचारलं.

"तेच तं," हे म्हणाले.

मग माझ्याकडे न पाहता, पाण्याकडे बघत बोलले. "माय-बाप होते तव्हा तू माह्या मागं चालत जाय. मंग माह्या रातपाळ्या सुरू झाल्या. मी दिवसा झोपून राहो, अन् तू पोरीले घेऊन एकटीच फिरे. आता गुडघा दुखला तव्हा कुठं तू माहा हात धरला. काठी दिली का सोडून देशीन, असं वाटे मले."

मला यांची माया आली आणि रागही आला, वर्षभर लंगडत ठेवलं म्हणून. दोन्ही एकदमच आलं. "चला घरी," एवढंच म्हणाले.

घरी आल्यावर हे मागच्या खोलीत गेले आणि एक काठी सोडवून आणली. गाठ नाही, वाक नाही, खडखडीत वाळलेली. कधीची तयार होती देव जाणे. "चपला घाल," म्हणाले. मला सरळ उभं केलं, हात सैल सोडायला लावला आणि मनगटाच्या उंचीवर काठीला खूण केली. मग दुपारभर मला समोर बसवून मूठ कोरली. हातात देत होते, परत घेत होते.

"लहान आहे वं हात तुहा," मध्येच म्हणाले.

"आता समजलं काय जी?"

"पाहाले टाइम कुठी होता?"

तेल मुरेपर्यंत काठी उभी करून ठेवली. पुढच्या बुधवारी मी बाजारात गेले, एकटी. वांग्यांसाठी भांडले, कोथिंबीर फुकट घेतली आणि दोन ठिकाणी गप्पा मारून सावकाश घरी आले. गुडघा फारसा बोलला नाही. हे फाटकाशी उभे होते. पिशवी घेतली आणि आत गेले.

दुसऱ्या दिवशी सकाळी तळ्यावर मी डाव्या हातात काठी धरून चालू लागले. चांगली चालत होते. थोडं पुढे गेल्यावर जाणवलं की शेजारी कुणी नाही. मागे पाहिलं. हे हात पाठीशी बांधून, अंतर ठेवून येत होते, ओळख नसल्यासारखे.

मी थांबले. "इकडे या जी. उजवीकडे."

"काहून? आता तं काठी आहे. आधाराची काय गरज?"

"आधारासाठी कोण बोलावून राहिलं?"

बाकावर अंजनाबाई आणखी चौघींना घेऊन बसल्या होत्या. यांनी एकदा तिकडे पाहिलं. मग माझ्या उजव्या बाजूला आले आणि सगळ्यांदेखत माझा हात हातात घेतला. इतके दिवस मीच यांना धरत होते. फेरी पूर्ण होईपर्यंत यांनी तो सोडला नाही.