सोनाळ्याच्या पेशी छान मेल्या

बेडकाच्या पिल्लाची शेपटी कुठं जाते, हा प्रश्न आमच्या अख्ख्या वर्गात एकट्या दीपमाला सरकटेला पडला. बाकीच्यांना बेडूक पुरेसा होता. गुरुजी म्हणाले, "गळून पडते." झालं! त्यानंतर ही पोरगी रोज शाळेमागच्या नाल्यात निळा स्कर्ट खोचून गळलेल्या शेपट्या शोधायला लागली, आणि गणिताचा तास चुकतोय म्हणून मी तिच्या मदतीला. एकही शेपटी सापडली नाही. सापडणार कशी? ती गळतच नाही. काम संपलं की शेपटीतल्या पेशी आपणहून मरतात आणि शेजारच्या पेशी त्यांना गुपचूप गिळून टाकतात. एवढं मला कळावं म्हणून दीपमालेला आधी अमरावतीत बीएस्सी, मग पुण्यात पीएचडी आणि पुढं जर्मनीत उकडलेल्या बटाट्यांवर काही वर्षं काढावी लागली.

आता ती पन्नाशीला टेकलीय. पुण्याच्या एका संशोधन संस्थेत तिची स्वतःची प्रयोगशाळा आहे. रक्ताच्या कॅन्सरमध्ये पांढऱ्या पेशी मरायच्या वेळी मरत का नाहीत, हे ती शोधते. हे काम नातेवाइकांना समजावून सांगणं तिच्या आईला, जनकाबाईंना, आजवर जमलेलं नाही. "शिकवली कायले, तं जगवाले," त्या म्हणतात. "अन् हे बसली मारत."

तिचे वडील गुलाबराव एसटीतून निवृत्त झालेले कंडक्टर. ते मात्र छाती काढून सांगतात, "माह्या पोरीच्या हातून एकही पेशी फुकट जात नाही." घंटी मारायची सवय अजून गेलेली नाही, म्हणून वाक्य संपलं की ते बोटानं हवेत दोरी ओढतात.

तर या दीपमालेला निरोगी म्हाताऱ्यांचं रक्त हवं होतं. कॅन्सरच्या पेशी मरत नाहीत हे सिद्ध करायचं, तर धडधाकट माणसाच्या पेशी कशा मरतात हे शेजारी ठेवून दाखवावं लागतं. पुण्यात साठीपुढचा निरोगी माणूस शोधून तिचे जोडे झिजले. जो तो आपापली फाईल घेऊनच यायचा. तेव्हा तिला आमचं सोनाळा गाव आठवलं. आमच्याकडे ज्येष्ठ नागरिक मंडळ आहे. त्यातले सभासद रोज सकाळी संत्र्याच्या बागांना चक्कर मारतात आणि उरलेला दिवस एकमेकांच्या तब्येतीला नावं ठेवतात.

मंडळाचे अध्यक्ष नारायणराव. मंडळ स्थापन झालं तेव्हापासून तेच. स्थापनेच्या वेळी ते साठीचेही नव्हते, पण "मी उद्या होणारच हाये की" म्हणून खुर्चीवर बसले, ते अजून उठलेले नाहीत. त्यांच्या मान्यतेशिवाय मंडळात चहासुद्धा उकळत नाही. त्यांनी हो म्हटलं आणि सगळं मंडळ बाह्या वर करून ओळीत बसलं. सिस्टरनं रक्त काढलं. नळ्यांवर नावं नाहीत, नुसते नंबर; कोणता कोणाचा, ते दीपमालेच्या वहीत. सगळ्या गल्ल्यांचं रक्त एकाच थर्माकोलच्या पेटीत मांडीला मांडी लावून पुण्याला गेलं. ट्रॅव्हल्सवाल्यानं पेटी पाहून दीपमालेला विचारलं, "मॅडम, संत्री गोड आहेत का?"

इथवर सगळं ठीक होतं. पुढं घोटाळा केला दीपमालेच्या आनंदानं.

प्रयोग झाल्या झाल्या तिनं वडिलांना फोन लावला. गुलाबराव मंडळातच बसलेले. त्यांनी कौतुकानं फोनचा आवाज सगळ्यांसाठी मोकळा केला.

"बाबा! सगळ्यांच्या पेशी इतक्या छान मेल्या म्हणून सांगू! आणि सगळ्यात आधी कोणाच्या, माहितीय? तुमच्या!"

 गुलाबरावांनी या वेळी दोरी ओढली नाही.

त्यांची साखर काठावरची, म्हणून घरात गोड बंद. ते तडक उठले आणि हॉटेलात जाऊन जिलेबी खायला बसले. जनकाबाई धावत गेल्या, तर म्हणतात, "आता कोणासाठी पथ्य पाळू? पोरीनंच सांगितलं." मंडळातल्याच कडूबा पाटलांनी तर कमालच केली. त्यांचं आणि भावाचं शेताच्या धुऱ्यावरून, म्हणजे बांधावरून, इतकं जुनं भांडण की पोरांची लग्नं एकमेकांना न बोलावता झाली. कडूबा भावाकडं गेले, गळ्यात पडून रडले आणि वादातला बांध देऊन मोकळे झाले.

नारायणरावांनी तातडीची सभा बोलावून ठराव मांडला: 'सदर संशोधनामुळे मंडळाची सदस्यसंख्या घटण्याचा संभव असल्याने यापुढे रक्ताचा एकही थेंब देण्यात येऊ नये.' ठराव एकमतानं मंजूर.

आणि नेमकं तेच रक्त दीपमालेला पुन्हा लागणार होतं. तिचा शोधनिबंध तपासणाऱ्यांनी अट घातली होती की सहा महिन्यांनी त्याच माणसांचं रक्त पुन्हा घ्या आणि पेशी तशाच वागतात का ते दाखवा. दुसरी माणसं चालणार नाहीत. ते झालं नाही तर निबंध बारगळला. आणि निबंधापाठोपाठ, पेशींना मरणाची आठवण करून देणारं जे औषध ती रुग्णांवर तपासणार होती, तेही लांबणीवर पडलं. सहा महिने भरत आले तेव्हा फोनवर तिचा आवाज मी पहिल्यांदाच बारीक झालेला ऐकला. "गजेंद्र, मी येतेय. सगळ्यांना एकदा बसव फक्त."

सभा भरली. नारायणराव खुर्चीत, बाकीचे सतरंजीवर. दीपमाला उभी राहिली. पुण्यात राहून बोली थोडी गुळगुळीत झाली होती, पण समोर बाप बसलेला दिसल्यावर ती आपोआप खरखरीत झाली.

"काका, मेल्या त्या नळीतल्या पेशी. तुमच्या अंगातल्या तं रोजच मरून राह्यल्या. मरतात म्हणून तं तुम्ही जगून राह्यले!"

"हे काय नवीन बाप्पा," कडूबा पुटपुटले.

"नवीन नाही. पेशी आली, काम केलं, वेळ झाली की गेली. तिच्या जागी ताजी आली. हे झालं निरोगी रक्त. आता एखादी पेशी उठतच नाही. काम काही करत नाही, पण जागा सोडत नाही. नुसती बसून राह्यते. नव्या पेशीले जागाच नाही. वर्षानुवर्षं तीच."

मी मनात म्हटलं, मेलो. बिचारी वर्षातून दोनदा येणारी, तिला मंडळाचं राजकारण कुठून ठाऊक? सतरंजीवरची एकेक मान हळूहळू खुर्चीकडं वळायला लागली. मी खोकलो. तिला वाटलं मला सर्दी झालीय. ती आणखी रंगात आली.

"अन् तिले सांगाले गेलं, बाई ऊठ, तं ऐकूच येत नाही तिले!"

  शेवटी कडूबांनी अगदी निरागसपणे विचारलं, "पोरी, मंग तिले काढाले निवडणूक घेता येत नाही काय?"

सतरंजी हसून फुटली. गुलाबराव तर डोळे पुसत हवेत दोरी ओढत सुटले. दीपमालेनं खुर्चीकडं पाहिलं, तिला एकदम उलगडा झाला आणि तिचा चेहराच उतरला. नारायणराव उठले. ते दाराकडं निघाले असते तर मंडळ त्यांच्या मागं गेलं असतं, हसत का होईना. पण ते टेबलाशी आले आणि बाही वर केली.

"घे," ते म्हणाले. "माह्यं पहिलं घे. होऊन जाऊ दे फैसला. पाहू दे या लोकायले माह्या पेशी उठतात का नाही!"

अध्यक्षांनी दिल्यावर कोण मागं राहतो? पेटी भरली.

या वेळी दीपमालेनं फोन केला नाही. ती स्वतः आली, सगळ्यांना बसवलं, आणि पहिलं वाक्य उच्चारलं, "कोणीही मरून नाही राह्यलं." मग सांगितलं की दोन्ही वेळा पेशी अगदी सारख्या वागल्या, निबंध स्वीकारला गेला आणि औषधाची तपासणी सुरू होतेय. टाळ्या पडल्या. जनकाबाईंनी गुलाबरावांच्या खिशातून जिलेबीचा पुडा काढून घेतला. कडूबा मात्र संतापले. "म्हंजे मी बांध फुकटच देल्ला काय?" भाऊ शेजारीच बसला होता. तो म्हणाला, "देल्ला तं देल्ला. संध्याकाळी जेवाले ये."

"अन् माह्यं काय?" नारायणरावांनी विचारलं.

नंबरांमागची नावं सांगायची नाहीत, हा नियम तिनं बापाला केलेल्या त्या फोननंतर कडक केला होता. पण नारायणरावांनी आपला नंबर स्वतःच सगळ्या गावाला सांगून ठेवला होता, आणि त्यांचा आग्रह काही सुटेना. "तुमच्याही पेशी अगदी वेळेवर जातात, काका," ती म्हणाली. "नमुनेदार."

नारायणराव सावकाश उभे राहिले. सभेकडं विजयी नजर टाकली. "ऐकलं? माह्याकडून जाणाऱ्या वेळेवर जाऊन राह्यल्या. आता मी जायची काय गरज हाये?"

आणि पुन्हा बसले. त्याच खुर्चीत.

निघताना त्यांनी दीपमालेच्या हाती संत्र्यांची पेटी दिली, खरीखुरी. प्रयोगशाळेतल्या तिच्या विद्यार्थिनीनं सोनाळ्याची पेटी पाहिल्याबरोबर हातमोजे चढवले आणि पहिल्या संत्र्यावर नंबर घातला.